शेकाचं गोंदण

सर्जन लोकांचं एक बरं असतं, त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. आमच्या दवाखान्यातला सर्जन ऑपरेशन आटोपलं की स्टीलच्या ट्रेमध्ये गाठ घेऊन बाहेर यायचा. बाहेर बाईचा नवरा, भाऊ, सासरा ताटकळत उभे. "ही पाहा, निघाली," तो म्हणायचा. मग ते तिघं वाकून त्या लिंबाएवढ्या गाठीकडे असे बघायचे, जणू घरातून साप निघाला. लगेच त्याच्या पायावर डोकं. मी कॉरिडॉरमधून जाताना हा सोहळा दर आठवड्याला बघायची आणि माझ्या पोटात जे व्हायचं त्याला वैद्यकात नाव नाही. मराठीत आहे. जळफळाट.

माझं काम शेक द्यायचं. पाटीवर 'किरणोपचार' असा भारदस्त शब्द होता, पण तो वाचायला कोणी थांबत नसे. आमच्या भंडाऱ्याकडून येणारी माणसं शेकच म्हणायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं, नागपूरला आमच्याकडे कोबाल्टचं मशीन होतं आणि मी त्या मशीनची डॉक्टरीण. बाई टेबलावर निजायची, आम्ही सगळे बाहेर येऊन जाड दार लावायचो, आत घूं आवाज व्हायचा, दोन-तीन मिनिटांत दार उघडायचं. बाई विचारायची, "झालं? काहीच तं नाही झालं." असं रोज, पाच आठवडे. रक्त नाही, टाका नाही, ट्रे नाही. शेवटी शेवटी कातडी काळी पडायची, सोलवटायची, आणि तेवढंच काय ते माझ्या नावावर लागायचं. गाठ साहेबांनी काढली, जाळलं मात्र या बाईनं.

छातीच्या गाठीच्या बाया निदान आधी त्याच्याकडून हसत तरी यायच्या. फुफ्फुसाचे रोगी तो बघायचा, फोटो उजेडासमोर धरायचा आणि हळूच म्हणायचा, "यांना मॅडमकडे न्या." म्हणजे कापून बरे होणारे त्याचे, खोकणारे माझे. जन्मभर विड्या ओढलेली म्हातारी माणसं ती. लाखांदूरकडचा एक म्हातारा आठवतो. दम इतका लागायचा की आडवं होता येत नव्हतं, बसल्या बसल्या झोपायचा. दोन आठवडे शेक दिला आणि एका सकाळी तो चक्क उताणा घोरताना सापडला. मी उत्साहानं विचारलं, "बाबा, कशानं बरं वाटलं?" तो म्हणाला, "नागपूरचं पाणी मानवलं, बाई."

आणखी सांगते, म्हणजे मी काय चीज होते ते कळेल. तो सर्जन वाईट माणूस असता तर माझं सुखानं चाललं असतं. पण तो भला होता. एकदा एका पेशंटच्या नवऱ्याला माझ्यासमोर म्हणाला, "अहो, खरं काम या मॅडमच्या शेकाचं आहे, मी काय, नुसता कापणारा." तो नवरा माझ्याकडे वळला, आणि मला वाटलं, आला बाई एकदाचा दिवस. तो मला म्हणाला, "पायलं का मॅडम? केवढा मोठा माणूस, पण गर्व नाही!"

माझं माहेर भंडारा शहरातलं, सासर अड्याळच्या जवळच्या खेड्यातलं. धानाची शेती, गावाला तलाव, घरात माणसंच माणसं. मी तिथं गेले की चष्मा, नायलॉनची साडी, आणि पर्समधून स्टेथोस्कोप अर्धा बाहेर लोंबत ठेवलेला. शेक देणाऱ्या डॉक्टरला स्टेथोस्कोप किती लागतो ते देव जाणे. पण गावात पाऊल टाकताना तो दिसला पाहिजे, असा माझा कटाक्ष. आणि दारात कोणाचं लक्ष त्याच्याकडे जायचं? कोणाचं नाही. कारण घरात माझी मोठी जाऊ होती. कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, कोणतं धान, तलावाचं पाणी कोणाकडे आधी जाईल, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ, सगळं तिला विचारून. माझा नवरासुद्धा चपला काढायच्या आधी ओरडायचा, "वहिनी कुठं हाये?" ती मला 'लहानी' म्हणायची. मी एम.डी. झाले तरी लहानी, आणि चाळिशी लागली तरी लहानीच.

मला एकच वाक्य हवं होतं. त्या घरातल्या कोणाच्या तरी तोंडून, जमल्यास चारचौघांत: "आमच्या लहानीच्या शेकानं बरं झालं." बस.

एका चैतात जाऊ नागपूरला आमच्याकडे आली. दोन दिवस तिनं माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. तिसऱ्या सकाळी चहा गाळता गाळता विचारलं, "लहानी, तुह्या दवाखान्यातला थो गाठी काढणारा डॉक्टर, बायांले सोता तपासते का?"

"तपासतात. कोणाला दाखवायचं आहे?"

"मलेच."

आणि मी काय बोलले? "मग मला का नाही सांगितलं, बाई?"

"तुले सांगून का करू वो? तू तं शेकते. गाठ थो काढते."

आधी मत्सर आला, भीती नंतर. दुपारी मी स्वतः तिची छाती तपासली, बोटांखाली ती कडक गाठ आणि काखेतली दुसरी लागली, तेव्हा भीती आली आणि मग ती गेली नाही. तरी रात्री नवरा "साहेब आहेत म्हणून बरं" असं म्हणाला तेव्हा मी ताट जरा जोरातच आपटलं.

ऑपरेशन झालं. ट्रे बाहेर आला. माझे मोठे दीर, माझा नवरा, दोघंही वाकून बघून रडले आणि साहेबांचे हात धरून उभे राहिले. मी शेजारीच होते. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता खरी गोष्ट पुढची होती. काखेतल्या गाठींत रोग उतरला होता. शेक पूर्ण झाला नाही, मध्ये खंड पडला, तर तो त्याच जागी पुन्हा डोकं वर काढू शकत होता. हे मी जाऊला तीनदा समजावून सांगितलं. ती "पाहू" म्हणाली. सर्जननं एकदा म्हटलं, "ताई, शेक घ्या बरं का," तर लगेच, "घेतो ना साहेब, तुमी सांगता तं."

शेकाच्या आधी आम्ही छातीवर जांभळ्या औषधानं रेघा काढायचो. चौकोनच म्हणा: गळ्याखाली एक रेघ, मध्यभागी एक, काखेशी एक, खाली एक. मशीनचा उजेड रोज त्याच चौकोनात पडला पाहिजे. म्हणून नियम: तिथं साबण नाही, तेल-हळद नाही, घासायचं नाही. आणि रेघ पुसून आलेल्या बाईवर मी जी तुटून पडायची! मला वाटायचं, रेघ हीच माझी एकमेव दिसणारी गोष्ट, तीही धुऊन टाकता तुम्ही? जाऊवरही ओरडले. पहिल्याच आठवड्यात तिनं घाम पुसता पुसता अर्धी रेघ पुसली होती. सगळ्या बायांसमोर ओरडले, आणि ओरडताना बरं वाटलं, हेही सांगून टाकते. गावात जिचा शब्द चालतो ती इथं खाली मान घालून बसली होती.

शनिवार-रविवार मशीन बंद. आषाढ लागला, धानाच्या रोवणीचे दिवस आले, आणि जाऊनं गावी जायचं काढलं. "धुऱ्यावर कडंले बसतो नुसती, बांधीत उतरत नाही." मी आढेवेढे घेतले, पण ती ज्या घरात जायचं म्हणते तिथं आढेवेढे घेणारे टिकत नाहीत. गेली.

सोमवारी टेबलावर निजली, मी चादर बाजूला केली. जांभळी रेघ नव्हती. तिच्या जागी हिरवट काळी, सुजलेली, ठसठशीत रेघ होती, चारी बाजूंनी. शिवाय चार कोपऱ्यांवर तीन-तीन टिंबं, फुलासारखी.

"हे काय आहे, बाई?"

"रेघ."

"कोणी काढली?"

"अड्याळच्या बजारातल्या गोंदणारीनं. आता पुसाचं कामच नाही. जन्मभराचं झालं."

"आणि ही टिंबं?"

"थे तिनं आपल्याच मनानं टाकले. चौकोन नुसताच बोडका दिसते म्हणे."

"तुम्ही बांधीत उतरल्या होत्या ना?"

"उतरली. अर्धी बांधी. बाया गाणे म्हणून रायल्या, न् मी धुऱ्यावर बसू काय पाहुणीवानी? घामानं धुपली रेघ. मंग म्हटलं, लहानी बोंबलन. तिच्या तोंडाले कायले लागू? राहिली होती तेवढ्या खुणंवरून गोंदून घेतलं."

"बाई, शेकलेल्या कातडीवर सुया टोचून घेतल्या तुम्ही!"

"दुखलं बहुत," ती म्हणाली. आणि मग, जणू माझीच समजूत काढतेय अशी, "पण पक्कं झालं ना?"

पक्कं झालं होतं, पण चुकीच्या जागी. उरलेल्या खुणांवरून अंदाजानं गोंदलेलं, त्यामुळे खालची रेघ चांगली दोन बोटं सरकली होती. आता तिच्या छातीवर एक चुकीचा चौकोन कायमचा आणि माझा खरा चौकोन पुसण्यासारखा. एका कोपऱ्यावरचं फूल पिकलं. पू झाला. शेक थांबवावा लागला. जे होऊ नये म्हणून मी ओरडत होते, तो खंड माझ्या ओरडण्यामुळंच पडला होता. ती दीड आठवड्याची उसंत मला अजून आठवते. रोज सकाळी तिची जखम बघायची, अजून ओली आहे म्हणायचं, आणि आत त्या न दिसणाऱ्या रोगाला इतके दिवस मोकळे मिळाले हे मनात मोजत राहायचं. ती मात्र वॉर्डात पलंगावर बसून बाकीच्या बायांना रोवणीची गाणी शिकवत होती.

त्यात सर्जन राउंडला आला, गोंदण बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आम्ही इतकी ऑपरेशनं केली, पण पेशंटवर सही करायचं नाही सुचलं कधी!" सगळा वॉर्ड हसला. जाऊ सगळ्यात मोठ्यानं हसली, टाक्यांच्या जागेवर हात धरून. माझ्या विनोदावर ती कधी हसल्याचं मला आठवत नाही.

जखम वाळली. मी लाल औषधानं नवा चौकोन काढला, मशीनवाल्याला बजावलं की हिरव्याकडे बघायचंसुद्धा नाही, आणि शेक पूर्ण केला. जाऊ गावी गेली. मी म्हटलं, सुटले.

सुटले कुठली. महिन्यातून एकदा मी भंडाऱ्याला पेशंट तपासायला जायची. भादव्यात तिथं एक बाई आली, तिच्या खांद्यावर चौकोन गोंदलेला, कोपऱ्यांवर तीन-तीन टिंबं. आत साधी चरबीची गाठ. मी हसले. पुढच्या खेपेला दुसरी, मानेवर चौकोन, आत गळू. मी जरा कमी हसले. मग कोंढा गावची एक तिशीतली बाई आली. ती आली होती पोराच्या खोकल्यासाठी. पोराला मांडीवर घेताना पदर सरकला आणि ब्लाउजच्या वर हिरव्या रेघेचा कोपरा दिसला. मी तिला पडद्यामागे नेलं. चौकोन होता, आणि चौकोनात खरीखुरी गाठ होती. दगडासारखी.

"हे कधी गोंदलं?"

"झाला महिना."

"नागपूरला चल माझ्याबरोबर. ही गाठ काढावी लागेल."

"कायले?" ती शांतपणे म्हणाली. "आता बाहेर नाही जात थे. बांध घातला ना चारी बाजूनं. शेकाचं गोंदण हाये. अड्याळकडची एक मालकीणबाई याच्यानंच बरी झाली."

धानाच्या बांधीत वाढलेली बाई ती. चारी बाजूंनी धुरा घातला की पाणी आत थांबतं, तसा रोग थांबणार. मी काय काय सांगितलं. रोगाला बांध कळत नाही म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पोराचं औषध घेतलं आणि गेली.

अड्याळच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीनं उतरले ती तरातरा गोंदणारीकडे. आता इतक्या वर्षांनी खरं सांगते, मला त्या कोंढ्याच्या बाईची काळजी होतीच, रात्र रात्र होती. पण पायांना जो वेग आला होता तो निव्वळ काळजीचा नव्हता. माझ्या शेकानं बरी झालेली बाई, आणि श्रेय घेतेय ही! गोंदणारी गोणपाटावर बसली होती, समोर सुया, काजळाची वाटी, आणि शेजारी सुपात चिन्नोर तांदूळ. वास दुरून येत होता. कोणीतरी आनंदानं दिलेला. मला आयुष्यात एका पेशंटनं मूठभर चिन्नोर दिला नव्हता, आणि हिच्याकडे सूप भरून.

"तू बायांना खोटं सांगतेस," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. "तुमीच का शेकवाल्या बाई? बसा ना. तुमची रेघ पुसते म्हणते. माही नाही पुसत."

मग मी भाषण दिलं. भर बाजारात, तेही पुस्तकी मराठीत. पेशी कशा वाढतात, किरण काय करतात, काखेतल्या ग्रंथी कुठं असतात. माणसं जमली. माझा आवाज चढत गेला, पर्समधला स्टेथोस्कोप मी बाहेर काढून हलवला, कशासाठी ते मलाही माहीत नाही. शेवटी मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, कोणतं औषध इकून रायल्या? दाताचं असन तं मले द्या."

तेवढ्यात माझं कोपर कोणीतरी धरलं. जाऊ. बाजाराला आली होती.

"चाल इथून. तमाशा झाला," ती म्हणाली. रस्त्यात मी तिला कोंढ्याच्या बाईचं सांगितलं. तिनं फक्त चालण्याचा वेग वाढवला. घरी बैल जुंपायला सांगितले आणि आम्ही दोघी खासरात बसून थेट कोंढ्याला.

त्या बाईच्या घरी अंगणात धानाचे पेंढे पडले होते. सासू दारातच म्हणाली, "कापणी हाये, दवाखान्यात जायले सवड कोणाले?" जाऊनं तिला रामराम घातला, सुनेला स्वयंपाकघरात नेलं, मला आत घेतलं, दार लोटलं. आणि पदर काढून ब्लाउजची बटणं सोडली. मी डॉक्टर, मी ती छाती रोज बघितलेली, तरी मी नजर वळवली.

"पाय," ती म्हणाली. "इकडं काही नाही. हे डॉक्टरनं कापलं. हे काळं हाये थे लहानीच्या शेकाचं. न् हा हिरवा चौकोन, हा माह्या येडेपणाचा. याच्यानं काही नाही झालं. याच्यानं पिकलं फक्त, न् माही घरी यायची वेळ लांबली. समजलं?"

त्या बाईनं बोट लावून बघितलं. आधी काळ्या कातडीला, मग सपाट जागेला.

"दुखलं?"

"कापलं थे दुखलं. शेक दुखत नाही. शेक देणारी बोंबलते, तेवढंच."

"न् नवरा? नवऱ्याले दाखोलं?"

"दाखोलं. रडला. मंग मीच त्याले चहा करून दिला."

ती बाई पहिल्यांदा हसली. मग चौकोनावर हात ठेवून रडायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं, आणि जाऊनं माझ्या गुडघ्यावर थाप मारून मला गप्प केलं.

चार दिवसांनी ती नवऱ्यासोबत दवाखान्यात आली. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कोणाकडे जायचं? मी आतून ऐकत होते. माझं नाव पाटीवर होतं, पदवीसकट. ती म्हणाली, "अड्याळकडच्या मालकीणबाईची जाऊ इथं राहते ना, तिच्याकडे."

"डॉक्टरचं नाव काय?"

"नाव नाही मालूम. जाऊ हाये थे."

मी तिला आत घेतलं. तपासायला पडदा ओढला. ती पदर घट्ट धरून बसली. सर्जन आला, मऊ आवाजात ताई म्हणाला, हसला, ज्या हसण्यावर सगळा भंडारा जिल्हा विरघळायचा. ती विरघळली नाही. मालकीणबाई आल्याशिवाय बटण काढणार नाही म्हणाली. त्याची ती पडलेली मुद्रा बघून मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, पण तो टिकलाही नाही, कारण मग निरोप पाठवून जाऊला बोलवायचं काम माझ्याकडेच आलं.

दुसऱ्या दिवशी मी, एम.डी., ओपीडी सोडून नागपूरच्या स्टँडवर भंडाऱ्याची एसटी बघत उभी. त्या बाईचं पुढे ऑपरेशन झालं, शेकही एक दिवस न चुकता पूर्ण झाला, आणि रेघ पुसली गेली की ती आपणहून येऊन सांगायची, मी ओरडायच्या आधी. पण ते नंतरचं. त्या दुपारी गाडी आली, जाऊ खाली उतरली, धुळीनं भरलेली, आणि काही न विचारता तिची जड पिशवी माझ्या हातात दिली.

"कुठं हाये थे?" म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. दवाखान्याच्या फाटकात वॉचमननं तिला नमस्कार केला, आयाबाईनं "आल्या का, मालकीणबाई" म्हणून हाक मारली, वॉर्डातल्या दोन जुन्या बाया उठून बसल्या. मागून मी, पिशवी घेऊन, जवळजवळ धावत.